वीस कॅरेट की वीस वर्षं : निपाणीच्या एका खिशातल्या घड्याळाचं प्रकरण

घड्याळ वॉल्थमचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये घडलेलं यंत्र, सोळा साइझ (खिशातल्या घड्याळांचं एक माप), पुढून-मागून झाकण, क्राऊन म्हणजे चावी द्यायचं बटण तीनच्या जागी आणि सेकंदाचा छोटा काटा सहाच्या जागी. यंत्रावरच्या क्रमांकावरून ते १९१० च्या आसपासचं ठरतं. मालक निपाणीतलं एक जुनं तंबाखू व्यापारी घराणं. आजोबांनी मुंबईहून आणलं, एवढीच घरातली आठवण. पावती नाही, साखळी कुणीतरी कधीच मोडून टाकलेली.

वडील गेल्यावर तीन भावंडांत वाटणी झाली. साध्या कागदावर लिहिलेल्या यादीत एक ओळ होती : ‘सोन्याचे खिशातले घड्याळ, वीस कॅरेट, पावणेआठ तोळे.’ हे घड्याळ थोरल्या अण्णांनी घेतलं. सोन्याचं म्हणून घेतलं, त्यामुळे आईच्या पाटल्या अक्कांकडे गेल्या आणि धाकट्या बापूंना थोडी रोख मिळाली. पुढे अण्णांच्या मुलाचं लग्न ठरलं. लग्नात कोटाच्या खिशात घड्याळ घालायचं त्यांच्या मनात होतं. पण घड्याळ बंद होतं, साखळी अडकवायच्या कडीवरचं सोनं उडून पितळ दिसत होतं आणि मागचं झाकण ठिकठिकाणी काळवंडलं होतं. अक्कांचा मुलगा बेळगावात उद्यमबागला कामाला. मी घड्याळजी, त्याच्या हातून घड्याळ माझ्याकडे दुरुस्तीला आलं. निरोप असा : चालू करा, सोन्याचं पाणी द्या, नव्यासारखं दिसू दे.

असलं काम आलं की मी आधी पाण्याचा विषय बाजूला ठेवतो. वर जे पिवळं दिसतंय ते नक्की काय आहे, हे कळल्याशिवाय त्याला ब्रशसुद्धा लावायचा नाही. इथे तर अडचण दुप्पट होती. घरच्यांच्या मते हे भरीव सोनं. मग भरीव सोन्याच्या कडीतून पितळ कसं निघालं? अण्णांकडे उत्तर तयार होतं : “कडी मागनं कुणीतरी बदलली असणार हो. घड्याळ सोन्याचंच. सराफाकडं दाखवून आणलंय.”

सराफाकडचं खरंच होतं. बेळगावच्या एका सराफाने कसोटीवर घासून अठरा-वीसच्या मधलं सोनं सांगितलं होतं. त्यात भर म्हणजे मागच्या झाकणाच्या आत ठसा होता. तो बराच झिजला होता, तरी ‘गोल्ड’ हा शब्द आणि त्याच्या खालचा ‘२०’ स्पष्ट वाचता येत होते. यादीतले वीस कॅरेट आले ते इथून.

माझी शंका त्याच आकड्यावर बसली. यंत्र अमेरिकन असलं तरी पेटी, म्हणजे यंत्राभोवतीचं कवच, ब्रिटिश घडणीची असावी असा माझा अंदाज होता (का ते पुढे येईल), आणि ब्रिटिश पेटीवर वीस कॅरेट असायचं काही कारण नव्हतं. १८५४ पासून इंग्लंडमध्ये सोन्याचे दर्जे ९, १२, १५, १८ आणि २२ कॅरेट असे होते. १९३२ मध्ये १२ आणि १५ गेले, त्यांच्या जागी १४ आला. वीस कॅरेटचा दर्जा फक्त आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या शिक्क्याचा. शिवाय खऱ्या ब्रिटिश सोन्याच्या पेटीवर तपासणी कचेरीची खूण हवी (बर्मिंगहॅमची असेल तर नांगर) आणि वर्ष सांगणारं अक्षर हवं. इथे नांगर नव्हता आणि अक्षरही नव्हतं. आकड्याच्या वर एक पुसटशी कोर दिसत होती, लूप (डोळ्याला लावायचं भिंग) लावून तिरप्या उजेडात धरली तरच.

आतलं झाकण

अशा घड्याळाला मागे दोन झाकणं असतात. बाहेरचं नखाने उघडतं. त्याच्या आत आणखी एक पातळ झाकण असतं, धूळ यंत्रात जाऊ नये म्हणून. ते उघडायला पातळ पातं लागतं, आणि घरच्या माणसांना तिथे हात घालायची भीती वाटते. या घरात ते कित्येक वर्षांत कुणी उघडलं नव्हतं. घासलं गेलं नव्हतं, म्हणून आतल्या झाकणाच्या पोटातला ठसा काल मारल्यासारखा होता. चंद्राची कोर, ए.एल.डी. ही आद्याक्षरं आणि इंग्रजीत एक अख्खं वाक्य. त्याचा अर्थ असा : सोन्याचे दोन पत्रे, मध्ये मिश्रधातूचा पत्रा, आणि ही पेटी वीस वर्षं टिकेल याची हमी.

‘२०’ म्हणजे वर्षं. कॅरेट नव्हेत.

ए.एल.डी. म्हणजे आरन लफकिन डेनिसन (१८१२–१८९५). वॉल्थम कारखाना उभा करणाऱ्यांपैकी हा एक. पुढे तो इंग्लंडला गेला आणि बर्मिंगहॅममध्ये पेट्या करायचा धंदा काढला. त्याच्या नावाची कंपनी १९६७ पर्यंत चालली. अमेरिकेतून वॉल्थमची यंत्रं यायची, बर्मिंगहॅमला डेनिसनच्या पेटीत बसायची आणि इंग्लंडसकट साम्राज्यभरच्या बाजारात जायची. यंत्राचा आणि पेटीचा क्रमांक जुळत नाही म्हणून आपल्याकडे बरेच जण अशा घड्याळाला ‘जोडकाम’ म्हणून नावं ठेवतात. दोन वेगळ्या कारखान्यांचे दोन वेगळे क्रमांक, ते जुळायचेच नाहीत. डेनिसनच्या सोन्याचा पत्रा चढवलेल्या पेट्यांचे तीन दर्जे सगळ्यांत ओळखीचे : तारा म्हणजे दहा वर्षं, चंद्र म्हणजे वीस, सूर्य म्हणजे पंचवीस. हमीची वर्षं जितकी जास्त तितका सोन्याचा पत्रा जाड, असा हिशोब. अमेरिकेत अशा वर्षांच्या हम्या १९२४ मध्ये बंद झाल्या. पण तोवर लाखो पेट्या जगभर पोचल्या होत्या, आणि त्यांच्या पोटातले १०, २०, २५ हे आकडे वाचून आजही कुणी ना कुणी कॅरेटचा हिशोब मांडतो.

मग कसोटी खोटं बोलली का? नाही. मिश्रधातूच्या जाड पत्र्यावर दोन्ही बाजूंनी खऱ्या सोन्याचा पत्रा उष्णता आणि दाब देऊन चिकटवायचा, मग लाटून तो पातळ करायचा आणि त्यातून पेटी घडवायची, अशी ही रीत. रोल्ड गोल्ड ती हीच. आपल्या बाजारात ते नाव नकली बांगड्यांना चिकटल्यामुळे त्याची इभ्रत गेली, पण विजेने चढवलेल्या पाण्यापेक्षा हा थर कितीतरी जाड. कसोटीवर जी रेघ उठते ती या वरच्या पत्र्याची, म्हणजे खऱ्या सोन्याची. सराफांकडचं कॅरेट मोजणारं एक्स-रे यंत्रदेखील वरवरचा थरच वाचतं. मात्र असे पत्रे सहसा ९, १० किंवा १४ कॅरेटचे असतात. रेघ अठराच्या वर कशी गेली, हा प्रश्न उरत होता. त्याचं उत्तर मागच्या झाकणाने दिलं, पण ते पुढे सांगतो.

पाण्यात वजन

ठसा दाखवून अण्णा मानणार नाहीत, हे अक्कांच्या मुलाने, त्यांच्या भाच्याने, आधीच बजावलं होतं. म्हणून त्यांना दुकानात बोलावलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर घनता मोजली. यंत्र, काच आणि झाकणाच्या पोलादी स्प्रिंगा काढून नुसती पेटी सराफी काट्यावर ठेवली : ५२.४ ग्रॅम. पावणेआठ तोळ्यांतला बराच हिस्सा यंत्र, डायल आणि काच यांचा होता, हे तिथेच उघड झालं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवला, आकडा शून्यावर आणला आणि पेटी रेशमाच्या दोऱ्याने पाण्यात लोंबकळत धरली, तळाला आणि कडेला न टेकवता. काटा जितके ग्रॅम दाखवतो तितके घनसेंटीमीटर पाणी पेटीने बाजूला सारलं. बिजागरीत अडकलेले हवेचे बुडबुडे मऊ ब्रशने काढले नाहीत तर इथे फसगत होते. आकडा आला ६.०.

५२.४ भागिले ६.०, म्हणजे ८.७. पितळेची घनता साडेआठच्या आसपास. अठरा कॅरेट पिवळ्या सोन्याची पंधराच्या वर, वीस कॅरेटची त्याहून जास्त. पेटी भरीव वीस कॅरेटची असती तर काट्यावर सहाच्या जागी सव्वातीनच्या आसपास आकडा यायला हवा होता.

अण्णांनी स्वतःच्या हाताने पुन्हा दोरा धरला. तेवढाच आकडा. मग म्हणाले, “कसोटीवर सोनंच उतरतंय की हो. मग हे पितळ कुठनं आलं?”

“पोटातनं,” भाचा म्हणाला.

त्यांना राग आला आणि तो रास्त होता. सोन्याच्या भावाने त्यांनी काहीतरी सोडलं होतं. पेटीत सोनं नक्की किती, असं त्यांनी विचारलं. वरचा पत्रा १० कॅरेटचा धरला काय आणि १४ चा धरला काय, ८.७ या घनतेवरून शुद्ध सोनं सव्वादोन ग्रॅमच्या आसपास येतं. मात्र पितळेची घनता दशांशात थोडी इकडेतिकडे झाली की हा आकडा बराच हलतो. मी त्यांना दोन-तीन ग्रॅम एवढंच सांगितलं. तेही गाळून काढायचं म्हटलं तर पेटीचा जीव जाणार आणि गाळणावळीनंतर हाती फारसं काही लागणार नाही. मोडीसाठी या घड्याळाला किंमत नाही. चालू वॉल्थम, मूळ डेनिसन पेटीत, म्हणून जी किंमत आहे ती पेटी शाबूत असेपर्यंतच.

मागचं झाकण

पुढच्या झाकणावर बारीक लहरींचं यांत्रिक कोरीवकाम होतं, मध्ये अक्षरांसाठी राखलेली रिकामी ढाल. कडेला जरा झीज होती. बाकी लहरींच्या धारा बोटाला लागत होत्या. मागच्या झाकणावर त्याच लहरी होत्या, पण साबणाच्या वडीवरचं नाव झिजावं तशा गुळगुळीत. आणि रंग वेगळा. पुढचा फिकट, किंचित तांबूस पिवळा, मागचा हळदीसारखा.

म्हणजे या झाकणाला पूर्वी कुणीतरी बफ मारून, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकवून, पाणी चढवलं होतं. कुठे, कधी, घरात कुणाला सांगता आलं नाही. बफच्या चाकाखाली मूळ पत्र्याचा वरचा भाग गेला, उंचवट्यांवर तर पितळ उघडं पडलं. त्यावर थेट, मध्ये कुठलाही थर न देता, शुद्धाच्या जवळच्या सोन्याचं पातळ पाणी. सराफाने घासलं ते नेमकं इथे. वर जवळजवळ शुद्ध सोनं, खाली कमी कॅरेटचा पत्रा, दोन्हीची मिळून रेघ उठली ती अठरा-वीसच्या मधली.

काळवंडण्याचं कारणही तेच. पितळेवर थेट चढवलेल्या पातळ सोन्यात बारीक छिद्रं राहतात, आणि खालचं तांबं-जस्त हळूहळू वर सरकतं. निपाणी-बेळगावचा पावसाळा, बंद कपाट, दमट हवा. छिद्रांतून आलेल्या तांब्याचे काळे-हिरवट ठिपके. म्हणून पितळ आणि सोनं यांच्यामध्ये निकेलचा पातळ थर देतात, तो तांब्याला अडवतो. तो इथे दिलाच नव्हता.

आता आकडे पाहा. या मापाच्या पेटीचं बाहेरचं अंग ढोबळमानाने ५० चौरस सेंटीमीटर. त्यावर एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढा सोन्याचा थर द्यायचा तर शुद्ध सोनं लागतं साधारण ०.१ ग्रॅम. नुसतं झळझळीत दिसावं म्हणून देतात ते पाणी बहुधा याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाचं असतं, वीस-पंचवीस मिलिग्रॅमचं काम. ते काही महिने छान दिसतं. आणि ते चढवायच्या आधी पृष्ठभाग आरशासारखा व्हावा म्हणून बफखाली मूळ सोनं जातं, ते चढवलेल्या पाण्यापेक्षा जास्त. अख्ख्या पेटीला पाणी द्या म्हणणाऱ्याला हा व्यवहार कुणी समजावून सांगत नाही. सोनं देऊन पाणी घेतल्याचा हा प्रकार आहे.

म्हणून मी ठरवलं : पुढच्या झाकणाला हात लावायचा नाही, फक्त साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचं. मागच्या झाकणावरचं जुनं पाणी उतरवायचं नाही, कारण ते उतरवणारं रसायन खालच्या मूळ सोन्यालाही सोडत नाही. जिथे पितळ उघडं आहे तिथेच, आणि तेवढंच, सोनं भरायचं. कडी आणि क्राऊन सुटे होतात, त्यांना वेगळं काढून जाड थर द्यायचा. कडी हातात फिरते, क्राऊन रोज बोटांत. झीज तिथेच होणार.

अण्णांना हे पटायला वेळ लागला. त्यांना एकसारखा पिवळा रंग हवा होता. फोनवर अक्का म्हणाल्या, “अण्णा, आता सोन्याचं न्हाई म्हटल्यावर चकाकी कुणाला दाखवतोस? चालू कर आणि घाल.” त्यावर ते गप्प बसले. त्यांना पटलं ते वेगळ्याच कारणाने असावं : अख्ख्या पेटीपेक्षा एवढ्या कामाचा खर्च कमी होता.

हुपरीला

मुलामा मी स्वतः करत नाही. सोन्याच्या प्लेटिंगला अजूनही बहुतेक ठिकाणी सायनाइडचं पाणी वापरतात, पोटॅशियम गोल्ड सायनाइड. इलेक्ट्रोप्लेटिंगचा धंदा ज्या पेटंटवर उभा राहिला तो १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्याच एल्किंग्टनांनी घेतला होता, आणि त्याचा पायाही सायनाइडवरच होता. या पाण्यात चुकून आम्ल पडलं तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि बंद खोलीत माणूस उरत नाही. घरी बॅटरी आणि बाटली आणून सोन्याचं पाणी चढवायचे व्हिडिओ पाहणाऱ्यांना मी एवढंच सांगतो : हे सोडा. सायनाइडशिवायची सल्फाइटची पाणी मिळतात, तरी हवा काढणारी सोय आणि सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या जागीच ते काम व्हावं.

निपाणीहून कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र, आणि पुढे जवळच हुपरी. चांदीचं गाव. सीमेच्या अलीकडे घड्याळ, पलीकडे कारागीर. राज्यं कुणाचीही असोत, निपाणीच्या माणसाला दागिन्याच्या कामासाठी कोल्हापूरची गुजरी (तिथला सराफ बाजार) आणि हुपरी बेळगावच्या खडेबाजारापेक्षा जवळची वाटतात. या कामात मलाही तेच सोयीचं पडलं.

तिथला कारागीर वयस्कर आणि तिखट. पहिला प्रश्न : “बफ मारू नका म्हणताय, मग चमक कुठनं आणू?” चमक नको, रंग जुळवायचाय, म्हटल्यावर त्याला काम आवडलं. रंगाचा प्रश्न खरंच अवघड होता. शुद्ध सोन्याचा रंग या पेटीवर हळदीचा डाग पडल्यासारखा उठून दिसला असता. स्विस आणि युरोपातल्या घड्याळ धंद्यात सोन्याच्या रंगाला ठरलेल्या पायऱ्या आहेत : १एन फिकट पिवळा, मग २एन, ३एन, ४एन, आणि ५एन तांबूस. पुढच्या झाकणाचा रंग २एन आणि ३एनच्या मध्ये कुठेतरी होता. कारागिराकडे हे क्रमांक नव्हते. त्याने पितळेच्या पट्टीवर वेगवेगळ्या मिश्रणांचे नमुने काढले आणि दिवसाच्या उजेडात दाराशी उभं राहून एकेक पेटीला लावून पाहिले. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर जुळत नाही, हे त्याने सांगितलं ते बरोबरच.

हुपरीला नेण्याआधीची तयारी माझ्याकडे झाली, आणि या प्रकरणात सगळ्यांत जास्त वेळ तिनेच खाल्ला. वॉल्थमच्या या बनावटीत चावीची दांडी पेटीच्या मानेतच राहते आणि तिला आतून एक बारीक पोलादी स्लीव्ह (नळी) धरून ठेवते. ती काढायला खास पाना लागतो. न काढता पेटी मुलाम्याच्या पाण्यात बुडवली तर मानेत शिरलेलं रसायन कधीच पूर्ण निघत नाही, स्लीव्ह गंजते आणि पुढे चावी अडकते. या स्लीव्हला आधीच गंज धरला होता. तेल मुरू देऊन, रोज थोडी हलवून ती सोडवावी लागली. झाकण उघडणाऱ्या दोन्ही पोलादी स्प्रिंगा काढल्या. काच काढली. कडी तिच्या भोकांतून हलक्या हाताने रुंदावून वेगळी केली. पेटीवर पोचे होते, ते तसेच ठेवले. चिकटवलेल्या पत्र्याला हातोडी लावली की वरचं सोनं भेगाळण्याची भीती असते, आणि मागच्या झाकणावरचा थर आधीच पातळ झालेला.

कडी आणि क्राऊन : चिकटपणा काढला, धुतलं, आम्लात क्षणभर, पुन्हा धुतलं, निकेलचा थर, मग सोनं, दोन मायक्रॉनच्या आसपास मागितलेलं. कुणाच्या त्वचेला निकेलने खाज येत असेल तर मधल्या थराला पॅलेडियम मागावं. इथे तसा प्रश्न नव्हता. मागच्या झाकणाचे उघडे पट्टे पेनने केले. म्हणजे ओल्या टोकाच्या कांडीतून वीज आणि सोनं त्याच जागी सोडायचं. भोवतालचा भाग नेलपॉलिशने झाकला होता. हुपरीत तेच वापरतात आणि ते उत्तम चालतं.

बिजागऱ्यांचं काम कारागिराने मनापासून केलं. प्लेटिंगनंतर बिजागरीच्या फटीत रसायन राहतं आणि आठवड्यांनी पांढरट-हिरवट बुरशीसारखं बाहेर येतं. पेटी गरम पाण्यात अनेकदा बुडवून, उघडझाप करून, शेवटी मंद उष्णतेत वाळवली.

यंत्र

यंत्राबद्दल थोडक्यात, कारण तिथे विशेष काही नव्हतं. सात ज्वेलचं, म्हणजे झिजेच्या जागी सात खडे बसवलेलं ‘ट्रॅव्हलर’, साधं आणि दणकट. मेन स्प्रिंग निळी पोलादी, थकून चपटी झालेली; ती बदलली. कुणीतरी शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं, ते डिंक होऊन बसलेलं. पॅलेटचे, म्हणजे चाकाला ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या तरफेचे खडे लाखेने बसवलेले असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून तो भाग स्पिरिटमध्ये भिजवायचा नाही. हेअरस्प्रिंगला, म्हणजे वेळ राखणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व आलं होतं. होकायंत्र जवळ नेलं की सुई थरथरायची, आणि सफाईनंतर पहिल्यांदा चाललं तेव्हा घड्याळ तासाला काही मिनिटं पुढे धावलं. भाच्याकडून कळलं की कपाटात ते जुन्या स्टिरिओच्या स्पीकरशेजारी असायचं. चुंबकत्व उतरवल्यावर तासाला १८,००० ठोके नीट मोजू लागलं. डायलच्या मीन्यावर केसासारखी एक भेग आहे. तिला मी हात लावला नाही.

हिशोब

पेटी जुळून आली तेव्हा कडी आणि क्राऊन पुढच्या झाकणाच्या रंगात बसले. मागच्या झाकणावर भरलेले पट्टे तिरप्या उजेडात ओळखू येतात आणि जुनं हळदी पाणी अजून आहेच. अण्णांनी ते बोट फिरवून पाहिलं आणि नाराजी लपवली नाही. घड्याळ कानाला लावल्यावर थोडे निवळले.

पेटीच्या आत मी एक बारीक कागदी चकती ठेवली : पेटी डेनिसन, चंद्र दर्जा, सोन्याचा पत्रा चढवलेली, कडी, क्राऊन आणि मागच्या झाकणाचा काही भाग नव्याने मुलामा दिलेला, तारीख. पूर्वी घड्याळजी दुरुस्तीची चकती अशीच ठेवत. उद्या हे घड्याळ कुणी विकायला काढलं तर घेणाऱ्याला हे कळलं पाहिजे, आणि विकणाऱ्याच्या तोंडून पुन्हा ‘वीस कॅरेट’ निघायला नको.

वाटणीचं काय झालं ते भाच्याने सांगितलं. अण्णांनी यादीतली ती ओळ बदलायला लावली. ‘वीस कॅरेट’ खोडलं, शेजारी तिघांच्या सह्या. पाटल्यांचा विषय अण्णांनी काढला होता. अक्कांनी दुरुस्तीचा आणि हुपरीचा सगळा खर्च उचलला आणि पाटल्या काही निघाल्या नाहीत. बापूंनी यातून अंग काढून घेतलं. मला हे अर्धवट वाटतं, पण ते घर माझं नाही.

घड्याळ लग्नात अण्णांच्या कोटात होतं. पावसाळा संपल्यावर ते एकदा दाखवून न्यायला सांगितलंय, बिजागरीत काही फुललंय का ते पाहायला. तोवर कपाटात सिलिका जेलच्या पुडीसोबत, स्पीकरपासून लांब. कडीवरचं सोनं वापरावर अवलंबून काही वर्षांत पुन्हा झिजेल. तेव्हा फक्त कडी काढून हुपरीला न्यायची, पेटी घरीच ठेवायची.